दृष्टीचे दुसरे माप

नेत्रतपासणी म्हटली की भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आठवतो. हॉलंडमधील नेत्रवैद्य हर्मान स्नेलेन यांनी तो १८६२ मध्ये सिद्ध केला. वर मोठे अक्षर, खाली क्रमाक्रमाने लहान अक्षरे. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जी ओळ वाचता यावी ती वाचता आली, की दृष्टी ६/६ अशी नोंदली जाते. चष्म्याचा नंबर ठरविण्यास हे माप अत्यंत उपयुक्त आहे. परंतु या तक्त्यावरची सारी अक्षरे पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर काळीभोर असतात. डोळ्याला किती लहान आकृती दिसते एवढेच तो सांगतो. किती फिकट आकृती दिसते, हे सांगत नाही.

व्यवहारातले जग असे काळ्यापांढऱ्यात आखलेले नसते. दगडी पायरीची कड आणि तिच्याखालची पायरी एकाच रंगाच्या असतात. तिन्हीसांजेला उसाने भरलेली बैलगाडी धूसर रस्त्यात मिसळून जाते. समोरचा चेहरा ओळखावयाचा तर गाल, नाक आणि डोळ्यांच्या खोबणी यांवरील छायांचे सूक्ष्म फरक टिपावे लागतात. वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील हा फरक म्हणजे प्रकाशभेद; साध्या बोलीत वस्तूचा उठाव. अत्यल्प उठावही जाणण्याच्या शक्तीस नेत्रशास्त्रात ‘कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी’ म्हणतात.

या शक्तीचे पद्धतशीर मापन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. केंब्रिज येथील फर्गस कॅम्पबेल आणि जॉन रॉबसन यांनी १९६८ मध्ये उजळ व गडद पट्ट्यांच्या जाळीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पट्टे मध्यम रुंदीचे असतील तर मानवी डोळा अगदी अल्प फरकही ओळखतो. पट्टे फार अरुंद किंवा फार रुंद झाले की ही क्षमता घटते, असे अशा प्रयोगांतून दिसून आले. कानाची तपासणी जशी निरनिराळ्या पट्टीतील स्वरांवर करावी लागते, तशीच डोळ्याची निरनिराळ्या रुंदीच्या पट्ट्यांवर करावी लागते.

जाळीची ही परीक्षा दवाखान्यात वेळखाऊ ठरते. म्हणून डेनिस पेली, जॉन रॉबसन आणि आर्नल्ड विल्किन्स यांनी १९८८ मध्ये एक सोपा तक्ता मांडला. त्यातील सर्व अक्षरे सारख्याच आकाराची, सुमारे पाच सेंटिमीटर उंचीची असतात. लहान होत नाहीत, फिकट होत जातात. एकूण आठ ओळी, प्रत्येक ओळीत तीन तीन अक्षरांचे दोन गट. प्रत्येक गटाचा उठाव आधीच्या गटाच्या सुमारे सात-दशांश. म्हणजे दर ओळीस तो निम्म्यावर येतो. रुग्णास एक मीटरवर बसवून प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासतात. ज्या शेवटच्या गटातील तीनपैकी निदान दोन अक्षरे बरोबर येतात, त्यावरून गुण ठरतो. निरोगी तरुण डोळ्याचा गुण २ च्या आसपास असतो; म्हणजे शेकडा एक इतका उठावही त्यास पुरतो. गुण १ असेल तर त्या डोळ्याला दसपट उठाव लागतो. तक्त्यावर प्रकाश सर्वत्र सारखा हवा, आणि रुग्णास घाई करू नये. फिकट अक्षर काही सेकंद पाहिल्यावर उमटते.

मोतीबिंदूत धुरकट झालेले भिंग प्रकाश विखुरते आणि धुळीने माखलेल्या काचेतून उन्हाकडे पाहिल्यासारखे सारे चित्र फिकट होते. अशा रुग्णास तक्त्यावरची काळी अक्षरे पुष्कळदा बरी वाचता येतात, पण संध्याकाळचा रस्ता दिसत नाही. काचबिंदू आणि मधुमेहाने होणारा दृष्टिपटलाचा विकार यांतही ही शक्ती घटते. दृष्टिचेतेचा दाह ओसरल्यावर ६/६ दृष्टी परत येऊनही उठावाची उणीव उरू शकते. अर्थात, या परीक्षेने रोगाचे नाव कळत नाही. त्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडून भिंग, दृष्टिपटल आणि डोळ्यातील दाब यांची तपासणी आवश्यकच आहे.

या विषयाची सामाजिक बाजूही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. ज्याची नोंद ६/६ आहे आणि तरीही जो ‘नीट दिसत नाही’ म्हणतो, त्याच्यावर घरी, शाळेत वा कचेरीत ढोंगाचा आरोप येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या व्याख्याही दृष्टितीक्ष्णता आणि दृष्टिक्षेत्र या दोन मापांवरच आधारलेल्या आहेत. तेव्हा प्रमाणपत्रात बसत नाही म्हणून तक्रार खोटी, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. अशा व्यक्तीस नेत्रतज्ज्ञाकडे पाठवून उठावाचीही तपासणी करण्याची विनंती करणे हे शिक्षकांना व ग्रामसेवकांना सहज करता येण्यासारखे काम आहे.

शिवाय वस्तूंचा उठाव वाढविणे हे तर गावाच्याच हाती असते. विटलेल्या फळ्यास पुन्हा काळा रंग द्यावा. शाळा, दवाखाना व पंचायत कार्यालय यांच्या पायऱ्यांच्या कडेवर पांढरा पट्टा ओढावा. सूचनाफलक फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरांत लिहावेत. बैलगाडीच्या मागे प्रकाश परावर्तित करणारी पट्टी लावावी. एक डबा रंगाने भागणारी ही कामे आहेत. पण एखाद्या वृद्धेचा पाय मोडण्याचे संकट त्यांनी टळू शकते.