बालाघाटावरचे केज

दक्षिण रशियात दॉन नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या स्टेपची काळी मृदा शतकानुशतके गवत कुजून तयार झाली, तर आमच्या केज तालुक्याची काळी जमीन बेसॉल्टच्या पाषाणाची झीज होऊन झाली. वर्ण तेवढा एक, कूळ निराळे.

बीड जिल्ह्याचे गोदाकाठची सखल गंगथडी आणि दक्षिणेचा उंच बालाघाट असे दोन भाग पूर्वापार मानले जातात, आणि केज मोडते बालाघाटात. पाटोद्याच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा पूर्वेकडे वाहत याच तालुक्यात येते आणि धनेगावला धरणात अडते. २०१६ साली हा जलाशय आटला, तेव्हा त्याच्या भरवशावर वसलेल्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी पोचवावे लागले.

शेजारच्या अंबाजोगाईस आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. त्याच गावाला निजामी अमदानीत मोमिनाबाद हे नाव मिळाले आणि तेथे घोडदळाची छावणी पडली. सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट संपेपर्यंत कचेरीचा कारभार उर्दूत चाले, आणि रयतेचे भजन, भांडण व ओवी मात्र मराठीत. छावणी गेली, रिसाले गेले; आता दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड गाडीत घालून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिकडचा हिशेब. उचल फिटेतो माणूस मोकळा नाही.

सरकारी दप्तरी या मुलखाची नोंद ‘अवर्षणप्रवण’ अशी होते. ती खोटी नव्हे, परंतु फार अपुरी आहे, असे मी म्हणतो ते विडा या गावाच्या आधारावर. जावयाचे कोडकौतुक सगळ्या महाराष्ट्रात होते. केज तालुक्यातल्या या गावी मात्र धुळवडीला एखाद्या जावयाला गाठून, गळ्यात खेटरांची माळ घालून, गाढवावर बसवून वाजतगाजत त्याची मिरवणूक काढतात. दिवस जवळ आला की जावई दडी मारतात आणि गावची पोरे त्यांच्या मागावर राहतात; सापडलेला कितीही प्रतिष्ठित असो, त्याची सुटका नाही. मिरवणूक संपली म्हणजे त्याच जावयाला गावाच्या वर्गणीतून नव्या कपड्यांचा आहेर होतो, आणि तो त्याने निमूटपणे स्वीकारावा अशी अपेक्षा असते.