झेंड्याची गाठ
(नभोवाणीवरील भाषण)



आज माझ्या भाच्याबद्दल बोलायचं आहे. नाव घेणार नाही. तो नको म्हणालाय. 2018 सालच्या 1 जानेवारीला तो पंधरा वर्षांचा होता, दहावीत.

माझी थोरली बहीण शिरूरला राहते. दर 1 जानेवारीला अक्का, दाजी आणि शेजारची चार घरं टेम्पो करून पेरणे फाट्याला जातात, कोरेगावच्या लढाईच्या स्तंभाला मानवंदना द्यायला. पोराला त्या दिवसाचा भारी अभिमान. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री इंग्रजांच्या कॅप्टन स्टॉन्टनची पलटण शिरूरच्याच छावणीतून निघाली आणि सकाळी भीमेकाठी कोरेगावला पोचली, हे तो असं सांगायचा, जणू वेशीपर्यंत सोडायला तोच गेला होता. स्तंभावरच्या 49 नावांपैकी 22 महार शिपायांची. ‘नाक’नं संपणारी ती नावं त्याला पाठ होती. 1927 साली 1 जानेवारीलाच बाबासाहेब आंबेडकर तिथं उभे राहिले, हेही तो सांगायचा. 2018 साली त्या लढाईला दोनशे वर्षं होत होती. टेम्पोच्या टपावर निळा झेंडा त्यानं स्वतः बांधला, सुतळीचे चार वेढे देऊन.

शिक्रापूरजवळ दाजींना फोन आला. पुढं येऊ नका, कोरेगावात दगडफेक चाललीय, सणसवाडीत गाड्या पेटवल्यात. तेवढ्यात समोरून काचा फुटलेल्या गाड्या यायला लागल्या. दाजींनी टेम्पो न्हावऱ्याच्या रस्त्याला घातला. अक्का म्हणाली, रात्रीचं घरी नको, धाकटीकडं दौंडला चला.

न्हावऱ्याच्या अलीकडं, दोन्ही बाजूंनी ऊस उभा होता तिथं, दाजींनी गाडी थांबवली आणि ते टपावर चढले. झेंड्याची गाठ काही सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. झेंड्याची घडी करून अक्काच्या हातात दिली, तिनं ती भाकरीच्या पिशवीत, फडक्याखाली ठेवली. मग दाजींनी खिशातून फोन काढला आणि आवाज बंद केला. त्यांच्या फोनला भीमगीत लावलेलं होतं.

पोरगं हे सगळं बघत होतं.

माझ्याकडं दौंडला आला की गल्लीला ऐकू जाईल असं “जय भीम, मावशी” म्हणायची त्याची सवय. त्या रात्री आत आला, चपला काढल्या, भिंतीला टेकून बसला. पिठलं-भाकरी पुढं ठेवली तरी हात लावेना. बऱ्याच वेळानं बापाला म्हणाला, “पप्पा, झेंडा का काढला?”

दाजी म्हणाले, “गाडीत तू होतास ना.”

श्रोतेहो, बाप भितो हे पोराला कधीतरी कळतंच. पण तो आपल्यापायी भितो हे ज्या दिवशी कळतं, त्या दिवशी पोर लहान राहत नाही. त्या रात्री मला आणखी एक आठवलं आणि लाज वाटली. हा सातवीत असताना मीच त्याला सांगितलं होतं, की अनोळखी माणसानं आडनाव विचारलं तर गावाचं नाव सांगायचं. मला माझ्या आईनं तेच सांगितलं होतं. अमेरिकेतल्या काळ्या घरांतही मुलगा वाढीला लागला की आईबाप त्याला असंच बसवून सांगतात: पोलिसानं अडवलं तर हात दिसतील असे ठेव, उलट बोलू नको. आपण लेकरांना शहाणपण म्हणून जे देतो, त्यात भीती किती असते!

मी शाळेत इतिहास शिकवते. एलिझाबेथ एकफर्ड या मुलीची गोष्ट मी वर्गात सांगत आले आहे. 4 सप्टेंबर 1957, अमेरिकेतलं लिटल रॉक शहर. गोऱ्यांच्या शाळेत प्रथमच नऊ काळी मुलं जाणार होती. सगळ्यांनी मिळून जायचं असा निरोप आदल्या रात्री फिरला, पण एलिझाबेथच्या घरी फोन नव्हता. पंधरा वर्षांची ती मुलगी स्वतः शिवलेला पोशाख घालून एकटीच गेली. बंदूकधारी सैनिकांनी तिला आत सोडलं नाही आणि मागून जमाव ओरडत राहिला. ती चालत बस थांब्यावर गेली आणि बाकावर बसली. आमच्या टेम्पोला फोन आला आणि तिला आला नाही, एवढाच फरक, असं मला त्या रात्री सारखं वाटत होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं, ते उगीच नाही.

1 जानेवारीच्या त्या दिवशी सणसवाडीत एक तरुण जिवानिशी गेला, मराठा घरातला. दुसऱ्या दिवशी ही बातमी पोरानं मोबाईलवर वाचून दाखवली आणि विचारलं, “याच्या आईला कुणी सांगितलं असेल?” त्या दिवशी तो एवढंच बोलला. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला.

3 तारखेला महाराष्ट्र बंद होता. नंतर तो शिरूरला परतला. शाळेत बाकावर शेजारी बसणारा मित्र पाटलांच्या घरातला. आठवडाभर दोघं बोलले नाहीत. भांडण नव्हतंच, काय बोलावं ते कुणाला सुचत नव्हतं. मग भूमितीची वही मागायला तो मित्र घरी आला. अक्कानं चहा ठेवला. तो पिईपर्यंत दोघांनी प्रमेयाशिवाय दुसरा विषय काढला नाही. पण तो आला, हे अक्का अजून सांगते.

2019 च्या 1 जानेवारीला मीही त्यांच्याबरोबर होते. रस्त्याला पावलोपावली पोलीस होते. निघताना पोरानं आईकडून झेंडा मागून घेतला, टपावर चढला आणि बांधला. दाजी खाली उभे होते. “मी बांधतो,” एवढं एकदा म्हणाले. तो म्हणाला, “नको पप्पा, तुम्ही बसा.”

दाजी पुढं चालकाशेजारी बसले. रांजणगाव गेलं, शिक्रापूर आलं. न्हावऱ्याचा रस्ता डावीकडं फुटतो तिथं त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि वर, झेंड्याकडं पाहिलं.