सर्दीचे वाटेकरी

(इंग्लंडातल्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात दिलेलं व्याख्यान)

मागे दाराजवळ बसलेल्या लेकुरवाळ्या मंडळींनो,

तुम्ही दाराजवळ का बसलात ते मला ठाऊक आहे. पोर खोकायला लागलं की चटकन बाहेर पडता यावं म्हणून. आज कुणी बाहेर जायचं नाही. खोकू दे त्यांना. आजचा विषयच तो आहे.

मी लालबागची. आमच्याकडे शिंकेचं कुणाला अप्रूप नाही. एप्रिल-मे आला की अर्धी मुंबई वर्षाचा मसाला करायला आमच्या बाजारात येते. बेडगी, संकेश्वरी, पांडी मिरची भाजून डंखावर पडते, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण पदर नाहीतर रुमाल नाकाला लावून पळतो. पण ती शिंक गल्ली ओलांडली की थांबते. माझ्या नातवाची शिंक सप्टेंबरात सुरू झाली, तिची गल्ली अजून संपायची आहे.

परळच्या एका रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात मी पस्तीस वर्षं सिस्टर होते. त्यामुळे लेकीला वाटलं, आई आली म्हणजे घरातला दवाखानाच आला. नातू दीड वर्षाचा. सप्टेंबरात नर्सरीत जायला लागला. लेकीच्या फ्रिजवर कालनिर्णय लटकवलेलं आहे. त्यावर एकादशी-चतुर्थीच्या शेजारी तिने लाल पेनाने गोल काढलेत. एक गोल म्हणजे एक आजारपण. डिसेंबर संपेपर्यंत सहा गोल झाले. नवं कालनिर्णय लावलं, तर ४ जानेवारीला पहिला गोल. त्या दिवशी ती ओट्याशी उभी राहून रडली. म्हणाली, "आई, ह्याच्यात काहीतरी कमी आहे गं. किंवा माझ्यात."

तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. दोघांतही काही कमी नाही. लहान मुलाला वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे अगदी सर्वसाधारण आहे. पाळणाघरात जाणाऱ्याला दहा-बारा वेळाही होते. एकेक सर्दी आठ-दहा दिवसांची, वर खोकल्याची शेपटी दोन-तीन आठवड्यांची. आता हे सगळं हिवाळ्याच्या पाच महिन्यांत बसवा. एक शेपटी संपायच्या आत दुसरीचं तोंड दिसतं. सर्दीच्या विषाणूंमध्ये जो सगळ्यांत मोठा गोतावळा आहे, रायनो म्हणतात तो, त्याच्याच दीडशेच्या वर जाती आहेत. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीची शिदोरी सहा-आठ महिन्यांत संपते, आणि मग पोराला एकेकाशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. अमेरिकेत टूसॉनला हजारावर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला. मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्द्या जास्त झाल्या, पण शाळेच्या वयात इतरांपेक्षा कमी. म्हणजे हप्ते भरायचेच असतात. आता भरा, नाहीतर पहिलीत गेल्यावर भरा.

"टोपी घातली नाही म्हणून झाली," असं म्हणणाऱ्या आज्यांसाठी एक गोष्ट. याच इंग्लंडात सॉल्सबरीजवळ १९४६ ते १९९० सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. लोक तिथे आपणहून दहा दिवस राहायला जायचे, फुकट खायचे-प्यायचे आणि नाकात विषाणू घालून घ्यायचे. एकदा काहींना गरम पाण्याने आंघोळ घालून, ओल्या अंगाने वाऱ्याच्या बोळात उभं केलं. त्यांना काही जास्त सर्द्या झाल्या नाहीत. नुसत्या गारठ्याने सर्दी होत नाही, विषाणू लागतो. इथे हिवाळ्यात खिडक्या बंद, हीटरची कोरडी हवा आणि माणसं एकमेकांच्या श्वासात. आमच्या मुंबईत फ्लूचा जोर पावसाळ्यात. तेव्हाही खिडक्या बंद, आणि दोरीवरचे ओले कपडे डोक्यावर. तेव्हा टोपी घाला, पण सुनेला बोल लावू नका.

आता लालबागकडे येते. लालबागबद्दल आपण असं बोलतो जणू ते कायमचंच मराठी माणसाचं घर. पण माझ्या आजोबांना ते परदेशच होतं. रत्नागिरी-सावंतवाडीकडून, साताऱ्या-सांगलीकडून माणसं गिरण्यांत आली. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घ्यायची, भाडं वाटून घ्यायचं, भिंतीला ट्रंका लावायच्या आणि पाळीप्रमाणे झोपायचं. त्यांचीही मंडळंच होती. कुणी आजारी पडला की मंडळातला एक जण त्याच्याबरोबर के.ई.एम. रुग्णालयात जायचा. मग बायका-मुलं आली, दहा बाय दहाच्या खोलीत संसार मांडले. आमच्या मजल्यावर सोळा बिऱ्हाडं आणि पोरं किती ते गणपतीची वर्गणी काढतानाही कुणी मोजली नाहीत. ते पाळणाघरच होतं. एकाचं नाक वाहायला लागलं की आठवड्यात सोळाही दारांतली नाकं वाहायची.

मग आमच्या आईने फ्रिजवर गोल का नाही काढले? फ्रिज नव्हता हे एक कारण. खरं कारण असं, की सर्दी वाटली जायची तसं सर्दीचं कामही वाटलं जायचं. आई रात्री माझ्या भावाला घेऊन गॅलरीत येरझारा घालायला लागली, की तिसऱ्या खोलीतल्या काकू न बोलता उठायच्या आणि पोर खांद्यावर घ्यायच्या. आई तासभर पडायची. दुसऱ्या पाळीचा माणूस घरी असायचा, तो दोन पोरं सांभाळायचा. इथे सर्दी तीच आहे, वाटेकरी दोनच उरलेत. त्यातला एक ऑफिसच्या मीटिंगमध्ये, आणि दुसरीला पावणेबाराला नर्सरीचा फोन: ताप आलाय, घेऊन जा.

पण चाळीचे गोडवे गायला मी उभी नाही. त्याच दाटीत क्षय पसरायचा, आणि शिवडीचं क्षयरोग रुग्णालय आम्हाला नावाने माहीत होतं. मी नोकरीला लागले तेव्हा वॉर्डात डांग्या खोकला, घटसर्प, गोवरानंतरचा न्यूमोनिया रोजचाच होता. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण आलं आणि हळूहळू त्या खाटा रिकाम्या झाल्या. तुमच्या पोराला नुसती सर्दीच होते, ही लसींची पुण्याई आहे. इथे दोन वर्षं पूर्ण झाली की फ्लूची लस नाकातल्या फवाऱ्याने देतात. ती चुकवू नका.

आता माझी बॅग. तुमच्याही आयांच्या बॅगेत हेच असतं: ओवा, वेखंड, कापूर आणि खोकल्याची बाटली. ओव्याची कोमट पुरचुंडी जवळ ठेवा, हरकत नाही. धुरी मात्र नको. धुराने आधीच सुजलेली श्वासनळी जास्त चिडते, आणि इथे छताला लावलेला धुराचा भोंगा गिरणीच्या भोंग्यासारखा ओरडतो, हे मी पहिल्याच आठवड्यात अनुभवलं. कापूर पोटात गेला तर झटके येतात, तो देवापुढेच बरा. मध वर्षाखाली अजिबात नाही. वर्षानंतर झोपताना अर्धा चमचा, खोकल्याला चांगला. बाटली मात्र मी स्वतः बेसिनमध्ये ओतली. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली. त्यानंतर आपल्या सरकारनेच कळवलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका.

आमच्याकडे सुई मारली नाही तर डॉक्टर कसला, असं म्हणत. इथले डॉक्टर "व्हायरल आहे" म्हणून रिकाम्या हाताने पाठवतात आणि आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. पण विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. चालतं ते साधंच. नाकात मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब, मिनिटभर थांबायचं, मग नाक साफ करायचं, आणि हे दूध पाजायच्या आधी. नाक मोकळं असेल तर पोर दूध ओढतं, नाहीतर दोन घोट घेऊन रडतं आणि आपण म्हणतो भूक मेली. ताप असून खेळत असेल तर थर्मामीटरपेक्षा पोराकडे बघा.

आणि श्वास मोजा. पोर शांत झोपलेलं असताना पोटावरचा कपडा वर करा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त, तर लगेच दाखवा. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, पोर दूध घेत नसेल किंवा मलूल पडलं असेल, तर मोजत बसू नका, ९९९ फिरवा. हे मोजणं डॉक्टरांपुरतं नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी शाळा न शिकलेल्या सुईणींसाठी मणी आणि वाळूचं घड्याळ लावून श्वास मोजायचं साधन केलं. गावातल्याच माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध द्यायचं, असं त्यांचं काम होतं. त्याने न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. मग आपण तर फोनवरचं घड्याळ लावू शकतो.

शेवटी मंडळाकडे एक मागणं. गणपतीला शंभर माणसांचा स्वयंपाक करणारं हे मंडळ आहे. रात्री जागलेल्या एका आईला दुपारी दोन तास झोपायला मिळावं, एवढंही आपल्याला जमेल. दाराशी मी एक वही ठेवली आहे. एका पानावर ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी पत्ता लिहायचा. समोरच्या पानावर, कोण कोणत्या वारी मोकळं आहे ते. जाताना डब्यात मऊ खिचडी न्यायची, हात धुवायचे, पोर खांद्यावर घ्यायचं आणि आईला सांगायचं, तू जा, झोप. घरात सहा महिन्यांच्या आतलं तान्हं असेल किंवा तुम्हाला दमा असेल, तर खिचडी दारात ठेवून या. बाकीच्यांनी मात्र सर्दी लागणार हे धरूनच जायचं. वाटेकरी व्हायचं तर वाटा दोन्हीतला घ्यावा लागतो.

पहिलं नाव मी माझंच लिहिलं आहे: मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते पाच. माझं विमान मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. त्यानंतरचे मंगळवार-गुरुवार कोण घेणार, तेवढं आज जेवायच्या आधी ठरवा.