फौजी माणसाचे अखेरचे दिवस



आपल्या सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथं घराघरातून पलटणीत माणसं गेली. शौर्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? मला बोलायचंय ते पेन्शनीत आलेल्या आणि आता ज्याचा आजार बरा होणार नाही, अशा फौजीबद्दल.

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये काम करते. आजार हटत नसेल, तेव्हा रुग्णाचा त्रास हटवायचा, हे आमचं काम. फौजी माणसाच्या बाबतीत ते अवघड होतं, कारण तो दुखतंय म्हणून सांगतच नाही. एका सुभेदारांचा कर्करोग हाडांत पसरला होता. कधीही विचारा, उत्तर ठरलेलं: "ठीक आहे." त्यांच्या पत्नीनं मला दाराबाहेर गाठून सांगितलं, "ताई, रात्री उशी दातात धरतात." नोकरीत जो गुण म्हणून अंगी बाणवला, तोच अंथरुणावर माणसाला छळतो. तो बोलत नाही, म्हणून केसपेपरवर वेदनेची नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून औषध मिळत नाही.

अमेरिकेत हे ओळखून व्यवस्था उभी केली आहे. माजी सैनिकांच्या खात्याकडे नाव नोंदवलेल्याला, वैद्यकीय गरज असेल तर, हॉस्पिस म्हणजे अखेरच्या दिवसांतली सेवा मिळते. ती घरीही घेता येते. २०१० साली या खात्यानं आणि हॉस्पिस संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेनं 'वी ऑनर व्हेटरन्स' हा उपक्रम सुरू केला. त्यात रुग्णाला आवर्जून विचारतात, तुम्ही सैन्यात होता का, कुठल्या युद्धात होता? व्हिएतनाममध्ये लढलेल्या काहींच्या मनात आयुष्यभर दडपलेलं युद्ध मरणाच्या तोंडावर वर येतं. मग भीती, अपराधीपणा, रात्रीचं ओरडणं. अशा माणसाला झोपेत एकदम हात लावला, तर तो हात उगारतो. जाणती नर्स पायथ्याशी उभी राहून आधी नावानं हाक मारते. आपल्याकडच्या घरांत अशा वेळी "म्हातारा भ्रमिष्ट झाला" म्हणून मोकळे होतात, याचं मला फार वाईट वाटतं. १९६५ आणि १९७१ची युद्धं लढलेली माणसं आज याच वयात आहेत.

आपल्याकडे काहीच नाही, असं नाही. १ एप्रिल २००३पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. पण पॉलिक्लिनिक, रेफरल, अ‍ॅडमिशन, डिस्चार्ज ही साखळी बरा होऊन घरी येणाऱ्या रुग्णाच्या हिशोबानं बांधलेली. कर्करोगासाठी वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७पासून चालू आहे. पण हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड थकलेल्या, तालुक्याच्या गावापासून लांब राहणाऱ्या हवालदारानं कुठं जायचं? न बरं होणाऱ्या दुखण्याची सेवा लष्कराला अनोळखी नाही. पाठीचा कणा जायबंदी झालेल्या जवानांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४पासून उभं आहे. तीच माया घरी पडून असलेल्या म्हाताऱ्या जवानापर्यंत पोचायला हवी.

आणि वेदनेवरच्या मॉर्फिनला घाबरू नका. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या परवान्यांच्या जाचामुळे अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं होतं. २०१४च्या दुरुस्तीनं ती वाट सोपी झाली. कर्करोगाच्या वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या गोळीचं व्यसन क्वचितच लागतं.

माजी सैनिक संघटनांनी एकमुखानं मागणी करावी, की प्रत्येक पॉलिक्लिनिकमधून निदान एक प्रशिक्षित नर्स घरी यावी. आणि तुमच्या घरी असा फौजी असेल, तर त्याला "दुखतंय का?" एवढंच विचारून थांबू नका. रात्री झोप किती लागली, कूस बदलता आली का, जेवण का टाकलं, हे विचारा. तो सांगणार नाही ते तुम्ही डॉक्टरांना सांगा.