ठिणगीचा माग

रायपुरात पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या सकाळी एक देखावा हमखास दिसतो. तात्यापाऱ्यातील जुन्या मराठी घराची ओसरी असो की बूढापाऱ्यातील अरुंद गल्ली, कोणी गृहस्थ घामाघूम होऊन आपल्या जुन्या बुलेटला किक मारीत असतो आणि गाडी हूं की चूं करीत नाही. जाणारायेणारा प्रत्येक जण एकेक सल्ला देऊन पुढे जातो. एकाच्या मते प्लग बदलावा, दुसऱ्याच्या मते कॉईल गेली, तिसऱ्याचा रोख बॅटरीवर. संध्याकाळपर्यंत तिन्ही वस्तू नव्या येतात आणि गाडी सुरू झालीच, तर शेवटी बदललेल्या वस्तूला सारे श्रेय मिळते. वस्तुतः ती बसवताना एखादी सैल तार हलून जागेवर बसलेली असते. चार दिवसांनी ती पुन्हा सैल होते आणि दोष मात्र मिस्त्रीच्या माथी येतो.

हा खर्च टाळायचा, तर ठिणगी जन्मते कशी हे आधी समजून घेतले पाहिजे. मद्रासच्या एन्फील्ड इंडिया कंपनीची स्थापना १९५५ सालची. तिच्या बुलेटमध्ये पुढे कित्येक दशके ठिणगीची व्यवस्था जवळजवळ एकच राहिली. बॅटरीचा प्रवाह कॉईलच्या जाड तारेतून वाहतो. पॉइंट नावाच्या दोन लहान टिकल्या एकमेकींना टेकलेल्या असेपर्यंत तो चालू असतो. इंजिन फिरता फिरता कॅम त्यांना दूर सारतो, प्रवाह एकाएकी तुटतो, कॉईलमधील चुंबकत्व कोसळते आणि शेजारच्या बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगच्या फटीत ठिणगी उडते. प्रवाह तुटताना पॉइंटवरच ठिणगी उडून शक्ती वाया जाऊ नये, यासाठी कंडेन्सर असतो.

प्रथम प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोहोचत आहे एवढे निश्चित झाले. कोरडा असेल, तर आधी कार्ब्युरेटरकडे वळणे बरे. मग प्लग त्याच्या टोपीत बसवून, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून किक मारावी. प्लगच्या मोकळ्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते, यास्तव प्लग त्यापासून दूर ठेवावा, आणि हातात धरण्याचे धाडस करू नये. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : उघड्या हवेत दिसलेली ठिणगी इंजिनातील दाबाखालीही उडेलच अशी शाश्वती नाही. पिवळसर, अशक्त ठिणगीवर तर मुळीच विसंबू नये.

ठिणगी नसेल, तर जुन्या बुलेटच्या दिव्याच्या खोबणीवर बसवलेला छोटा ॲमीटर अतिशय उपयोगी पडतो. पुष्कळ मालकांना तो शोभेचा वाटतो. किल्ली फिरवून, दिवे बंद ठेवून किक हाताने अगदी सावकाश दाबावी. पॉइंट मिटले की काटा उणे बाजूस झुकतो, उघडले की मध्यावर परततो. काटा असा डोलत असेल, तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा मार्ग बहुधा ठीक आहे. दोष पुढे, कॉईल, कंडेन्सर किंवा प्लगच्या तारेत शोधावा. काटा हललाच नाही, तर फ्यूज, किल्लीचा स्विच, बॅटरीची गंजलेली टोके किंवा पॉइंटवर आलेले तेल पाहावे. तो उणे बाजूस खिळून राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा तार कोठेतरी अंगाला टेकली आहे. एक नवा पैसाही न खर्चता निम्मे संशयित निर्दोष ठरतात.

पॉइंटची फट पूर्ण उघडल्यावर सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. कॅमवर घासणारी टाच झिजत जाते तशी फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. टिकल्या वारंवार जळत असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. पावसाळी दोष बहुधा प्लगच्या जाड तारेत असतो. तिच्या वेष्टनाला गेलेले तडे दिवसा दिसत नाहीत. रात्री अंधारात, इंजिन कसेबसे चालू असताना पाहिले, तर तारेवरून इंजिनाकडे पळणारी निळसर ठिणगी आपली वाट स्वतःच दाखवते.

सर्वांत फसवा दोष उन्हाळ्यातला. मे महिन्यात रायपुरहून आरंगकडे निघालेली गाडी पंधरा-वीस किलोमीटर उत्तम चालते आणि एकाएकी बंद पडते. मागे बायको, पुढे टाकीवर मूल, आणि सावलीला झाड नाही. अर्ध्या तासाने तीच गाडी पहिल्या किकेला सुरू होते. तापल्यावर आतली तार तुटणारी कॉईल किंवा निकामी होणारा कंडेन्सर असा वागतो. पण टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असले, तरी लक्षण हुबेहूब तेच. म्हणून गाडी थांबताक्षणी, गार होण्याच्या आत, प्रथम झाकण उघडावे. सुस्कारा ऐकू येऊन थोड्या वेळात इंजिन चालू झाले, तर कॉईल बिचारी निरपराध आहे. तसे झाले नाही, तर लगेच ठिणगी तपासावी. ती नाहीशी झाली असेल, तर कंडेन्सर आधी बदलून पाहावा, कारण तो कॉईलपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. दुसऱ्या दिवशी गार गाडी मिस्त्रीकडे नेली, तर तो काहीच बिघाड नाही म्हणेल आणि त्याचे म्हणणे त्या घटकेपुरते खरेच असेल. त्याला गाडी तापलेल्या स्थितीत दाखवावी. ते जमत नसेल, तर ती किती किलोमीटरांवर थांबली, किती वेळाने पुन्हा सुरू झाली आणि थांबली तेव्हा ठिणगी होती की नव्हती, हे कागदावर लिहून द्यावे.