तरोटा कधी उपटायचा



निसर्गलेखकांच्या संमेलनाचा अध्यक्ष मारुती चितमपल्लींचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे गेलं, तेव्हा रानाविषयी लिहिणाऱ्या आपणा सगळ्यांनाच वरच्या पंगतीत पाट मिळाल्यासारखं वाटलं होतं. पण त्यांचं लेखन वनखात्याच्या नोकरीतून आलं होतं, ही गोष्ट आपण सोयीनं विसरलो. त्यांच्यानंतर आलेल्या बहुतेकांनी रान पाहिलं ते जिप्सीतून. पळस फुलला, मोह गळला, काजवे चमकले, असे ऋतू आपल्या पानांवर येतात आणि जातात. त्याच ऋतूत, त्याच रानात कुणीतरी रोजावर राबत असतं. ते राबणं आपल्या पुस्तकांत जवळपास नाही. आज मी त्याविषयीच बोलणार आहे, आणि शेवटी एक ठरावही मांडणार आहे.

मेळघाटचं उदाहरण घेतो. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांतला हा एक. पुढे बोरी, कोहा, कुंड ही गावं गाभा क्षेत्रातून उठली, त्यामागून आणखी काही. माणसं गेली, शेतं राहिली. शहरातल्या माणसाला वाटतं, जमीन सोडून दिली की तिचं आपोआप रान होतं. नांगरलेल्या, खत खाल्लेल्या जमिनीवर आधी येतं तरोट्याचं तण. मग रानतुळस, आणि बांधाबांधानं घाणेरी. हरणं यांना सहसा तोंड लावत नाहीत. ज्या गवतांवर चितळ आणि गवे जगतात ते मारवेल, शेडा, पवन्या या गर्दीत खाली दबून राहतात. गवत नाही तर चितळ नाही, चितळ नाही तर वाघ नाही, हे आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो. त्या साखळीची पहिली कडी माणसाच्या हातानं घडवावी लागते, हे मात्र ऐकलेलं नाही.

हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. श्रावणात दोन दिवस चांगला पाऊस लागून उघडीप मिळाली की कोरकू बायांची रांग कुरणात उतरते. तरोटा गुडघ्याएवढा झालेला असतो. देठ जमिनीलगत धरायचा आणि सरळ वर न ओढता जरा तिरका हिसका द्यायचा, म्हणजे मूळ अख्खं येतं. माती झटकायची आणि रोप मुळं आभाळाकडे करून टाकायचं. ओल्या मातीला मूळ टेकलं तर ते पुन्हा धरतं. मधेच एखादं शेड्याचं रोप लागतं, ते सोडायचं. लोंबी आल्यावर गवत कुणीही ओळखेल. नुसत्या पात्यावरून, तेही चालता चालता ओळखणं पदवीधरांनाही अवघड जातं. या बाया ओळखतात. तरोटाही त्यांच्या तितकाच ओळखीचा, कारण कोवळ्या तरोट्याची भाजी त्यांनी जन्मभर खुडलेली असते. पान कधी निबर होतं, फूल कधी धरतं, शेंग कधी वाळते, याचं गणित त्यांच्या हातात बसलेलं असतं.

त्या गणिताला फार मोकळीक नाही. रोप हाताला लागण्याइतकं वाढल्यापासून फूल धरेपर्यंत, म्हणजे श्रावण आणि फार तर अर्धा भाद्रपद. एकदा शेंग पिकून तडकली की बी जमिनीत जातं, आणि त्याचं कवच इतकं टणक असतं की ते वर्षानुवर्षं रुजण्याची वाट पाहत पडून राहतं. आता दुसरं पंचांग बघा. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये उघडतं. आराखडा, मंजुरी, वाटप असं करत अनुदान परिक्षेत्रापर्यंत पोचायला अनेकदा मार्गशीर्ष उजाडतो. मार्च अखेरपर्यंत खर्च टाकलाच पाहिजे, म्हणून तेव्हा मजूर लावले जातात. खुळखुळत्या शेंगांचा तरोटा उपटून खांद्यावरून कुरणभर वाहून नेणं याला कागदावर तण निर्मूलन म्हणतात. माझ्या मते ती पेरणी आहे. कागदावर हेक्टर भरतात, मोजमाप पुस्तकात सही होते, आणि पुढच्या पावसाळ्यात तरोटा दुप्पट. नोकरीच्या काळात ही गोष्ट मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की एकाच कुणावर बोट ठेवणं अन्यायाचं होईल.

घाणेरीचंही तसंच. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी सुचवलेली पद्धत सोपी आहे: फळ धरण्याआधी मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचं आणि झुडूप उलटं टाकायचं. सगळं खोदून काढायला गेलं की माती हलते आणि दबलेलं बी उगवतं. पण पाखरं फळं खाऊन ज्या झाडांवर बसतात, त्या झाडांखाली पुढची काही वर्षं रोपं वेचावी लागतात. पुढची काही वर्षं म्हणजे तेच झाड ठाऊक असलेली तीच माणसं हवीत. कंत्राट मात्र दरवर्षी नवं.

आगीचा हंगाम आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. आता देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहानं टिपलेल्या आगीचा संदेश थेट मोबाइलवर येतो, आणि ही मोठीच सोय झाली. मात्र संदेशानं आग विझत नाही. आग अडवणारी जाळरेषा आधी कापून, वाळवून, वारा पडलेला असताना जाळावी लागते. आणि सागाची पानगळ थांबत नसल्यामुळे साफ केलेली रेषा आठ दिवसांत पुन्हा पाल्यानं भरते. ब्लोअर पाठीला बांधून तीच रेषा पुन्हा पुन्हा झाडणारा फायर वॉचर बहुधा जवळच्याच गावातला पोरगा असतो. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला कोण कधी पेटवतो, हे त्याला उपग्रहाआधी कळतं, कारण पेटवणारा त्याचा मामा असतो. जूनमध्ये हंगाम संपला की या पोराचं काम संपतं. पुढच्या फेब्रुवारीत तो पुण्याला बांधकामावर गेलेला असला, तर त्या जाळरेषेची माहितीही पुण्याला गेली.

पाणवठ्यांवर तुम्ही पुष्कळ लिहिलं आहे, फोटोही आहेत. रोज पहाटे कुणीतरी तिथल्या पाण्यात विष कालवलेलं नाही ना हे तपासतं, एवढं फोटोखाली लिहीत चला.

हंगामी काम म्हणजे नेहमी काही करणंच असतं असंही नाही. सोलापूरकडच्या माळावर, नान्नजला, १९७९ पासून माळढोकचं अभयारण्य आहे. माळढोक पावसाळ्यात उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुधा एकच. मेळघाटात ज्या श्रावणात कुरणात उतरायचं, त्याच श्रावणात तिथे पाय आवरायचे. ओसाड जमीन हिरवी करायची म्हणून गवताळ माळांवर आपण झाडं लावत सुटलो, तो उत्साहही पावसाळ्यातलाच. एकच परिपत्रक दोन्हीकडे पाठवणाऱ्यांना हा फरक कळावा, एवढी अपेक्षा फार नसावी.

आणि या कामात जीव जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. तिच्या बातम्या आल्या, यायलाच हव्या होत्या. तिच्याबरोबर मदतनीस चालत होते. त्यांनी काय पाहिलं, दुसऱ्या दिवशी ते कामावर कसे गेले, हे कुणा लेखकानं जाऊन विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

म्हणून ठराव. २००६ च्या कायदादुरुस्तीनं प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला संवर्धन प्रतिष्ठान दिलं, आणि पर्यटकांच्या प्रवेशशुल्काचा पैसा त्यातून तिथेच वापरता येतो. त्या पैशातून श्रावणातली मजुरी श्रावणात द्यावी, अनुदान आल्यावर वळती करावी. एका कुरणावर, एका जाळरेषेवर ज्यानं एक हंगाम काम केलं, त्याचा पुढच्या हंगामावर पहिला हक्क लेखी मान्य व्हावा. आणि आपण लिहिणाऱ्यांनी प्रत्येकी एका कुरणाची नोंदवही त्या माणसांबरोबर बसून, त्यांच्या नावानिशी, वर्षभर लिहावी.

मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. गवतांची नावं कोरकूतही लिहावीत, अशी दुरुस्ती आज सकाळीच मेळघाटातल्या सेमाडोहकडून आलेल्या एका बाईंनी सुचवली, ती मी घातली आहे. बाकीच्या दुरुस्त्या जेवणाच्या सुटीपर्यंत द्या. दुपारच्या सत्रात मतदान घेऊ.