ऑपरेशनच्या आधीची साखर

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापन दिनाला आरोग्यावर दोन शब्द बोला, असे समितीने आम्हाला सांगितले. आम्ही म्हणजे विहाराच्या शिबिरात वजन, बी.पी. आणि शुगर तपासणारी मंडळी. डॉक्टर, परिचारिका आणि आहार सांगणाऱ्या ताई, असे सगळे मिळून आम्ही आज बोलत आहोत. विषय जरा वेगळा आहे. वजन कमी करण्याचे ऑपरेशन आता आपल्या वस्तीतही बोलले जाऊ लागले आहे. पण ऑपरेशन ठरल्यावर शुगर आधी आटोक्यात का आणायची आणि कशी आणायची, हे कोणी नीट समजावून सांगत नाही. तेवढेच आज सांगायचे आहे.

मधुमेह आता श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा मोठा पाहणी अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते आणि माईसाहेब डॉक्टर असल्यामुळे त्यांच्या पथ्याकडे, औषधाकडे स्वतः लक्ष देत. तेव्हा हा आजार होणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वजन वाढणे यातही नाही. शरीराची ठेवण, आईवडिलांकडून आलेला वारसा, काही औषधे, अपुरी झोप, स्वस्तात मिळणारे खाणे, अशी त्याची अनेक कारणे आहेत. ‘खाऊन खाऊन फुगली’ असे सुनेला किंवा लेकीला म्हणणे आता आपण सोडले पाहिजे.

हे ऑपरेशन कोणासाठी? त्यासाठी एक हिशेब असतो. किलोमधले वजन घ्यायचे आणि मीटरमधल्या उंचीने त्याला दोनदा भागायचे. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन ७५ किलो असेल तर आकडा सुमारे ३२ येतो. २०२२ मध्ये शल्यचिकित्सकांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन संघटनांनी मिळून सांगितले की आशियाई लोकांमध्ये २७.५ पासूनच या ऑपरेशनचा विचार करावा, कारण आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो. अर्थात आकडा बसला म्हणजे ऑपरेशन झालेच पाहिजे असे नाही. ते डॉक्टरांनी सर्व तपासून, समजावून ठरवायचे असते.

ऑपरेशन दुर्बिणीने होते. एका प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून केळ्यासारखी बारीक नळी ठेवतात. दुसऱ्या प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. यामुळे भूक कमी होते, आतड्यातील रसांचे काम बदलते आणि शुगर तर वजन उतरण्याआधी, काही दिवसांतच खाली येऊ लागते.

आता इथेच लोकांचा गैरसमज होतो. लोक म्हणतात, “शुगर तर ऑपरेशननेच जाणार ना? मग आत्ता कशाला पथ्य? दोन महिने खाऊन घेऊ, नंतर आहेच उपास.” बंधू-भगिनींनो, हा विचार धोक्याचा आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १५० मधुमेही रुग्णांवर एक प्रसिद्ध अभ्यास झाला. त्याचे पाच वर्षांचे निकाल २०१७ मध्ये आले. तीन महिन्यांची सरासरी साखर ६ टक्के किंवा त्याखाली राहिली असे रुग्ण नुसत्या औषधांवर शंभरात ५ होते, नळीच्या ऑपरेशननंतर २३ आणि जोडणीच्या ऑपरेशननंतर २९. म्हणजे ऑपरेशनचा फायदा मोठा आहे, पण सगळेच त्या आकड्यापर्यंत पोचत नाहीत. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिनची गरज जितकी जास्त, तितकी शुगर पूर्ण सुटण्याची आशा कमी. आणि हा सगळा फायदा मिळतो कोणाला? जो ऑपरेशनच्या टेबलावरून सुखरूप उठून घरी येतो त्याला.

शुगर वाढलेली असताना ऑपरेशन केले तर काय होते ते पाहा. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्त होतात. जखमेत पू होण्याची भीती वाढते. टाके भरून यायला वेळ लागतो. या ऑपरेशनमध्ये तर जठरावरच टाके असतात. लघवीवाटे पाणी जाऊन शरीर कोरडे पडते. त्यात ऑपरेशनचा ताण शुगर आणखी वाढवतो. म्हणून डॉक्टरांनी “आधी शुगर आणा खाली” म्हणून तारीख पुढे ढकलली, तर घरात रडारड करू नका. पैसे उकळायला पळवतात असेही म्हणू नका. आपल्या जिवासाठीच ते थांबलेले असतात.

मग किती असावी? तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी म्हणजे एचबीए-वन-सी. साधारणपणे ती ७ टक्क्यांच्या आसपास असावी असे पाहतात. मधुमेह फार जुना असेल किंवा इतर त्रास असतील तर ८ पर्यंत चालवून घेतात. ऑपरेशनच्या दिवशी शुगर १०० ते १८० च्या दरम्यान ठेवतात. ९ टक्के म्हणजे शुगर सरासरी २१० च्या आसपास फिरते आहे. ती एका आठवड्यात उतरणार नाही. म्हणून ऑपरेशनचा विचार पक्का झाला की त्याच दिवसापासून तीन महिने मोजायला लागा.

आपल्या विदर्भातील लोकांसाठी एक खास गोष्ट. आपल्या समाजात सिकलसेल आहे हे तुम्हाला माहीत आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात. त्यामुळे एचबीए-वन-सी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. उलट लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर ती जास्तही दिसू शकते. सिकलसेलचे वाहक असाल तरी तपासणीच्या काही पद्धतींत आकडा चुकू शकतो. तेव्हा घरात कोणाला सिकलसेल असेल, कार्ड असेल, तर ते डॉक्टरांना आधी दाखवा. अशा वेळी बोटातून घेतलेल्या रक्ताच्या रोजच्या नोंदींवर जास्त भिस्त ठेवावी लागते.

आता घरी काय करायचे? एक मीटर आणि एक साधी वही घ्या. सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, डॉक्टर सांगतील तितक्या वेळा शुगर तपासा. तारीख, आकडा, काय खाल्ले आणि कोणते औषध घेतले, एवढे लिहा. चांगले आकडे तेवढे लिहायचे आणि वाईट गाळायचे, असे करू नका. ती परीक्षेची गुणपत्रिका नाही. वाईट आकड्यावरूनच औषध ठरते. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले तर ‘आता संपले’ असे समजू नका. बरेचदा ते ऑपरेशनपुरते असते आणि नंतर कमी होते.

खाण्याचे म्हणाल तर गूळ, मध आणि साखर ही शुगरच्या दृष्टीने सख्खी भावंडे आहेत. गुळाचा चहा चालतो, हा समज सोडा. भाकर पोळीपेक्षा बरी म्हणून चार भाकरी खाल्ल्या तर हिशेब तोच. तर्री-पोहे, आलुबोंडा, साबुदाणा, फळांचा रस यांना या तीन महिन्यांत रजा द्या. ताटातला अर्धा भाग भाजी आणि काकडी-मुळ्याचा असू द्या. पाव भाग घट्ट वरण, चून, बरबटी, अंडी किंवा मासोळ्या. उरलेला पाव भाग भात नाहीतर भाकर. जेवणानंतर रोज चाला. तंबाखू, मिश्री, खर्रा, बिडी सगळे बंद. त्यानेही जखम भरायला उशीर होतो. मात्र मूत्रपिंडाचा त्रास असेल तर वरण-अंडी किती, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

ऑपरेशनच्या साधारण दोन ते चार आठवडे आधी बऱ्याच ठिकाणी अगदी कमी उष्मांकाचा आहार देतात. कारण असे की मधुमेही, वजनदार माणसाच्या लिव्हरवर चरबी चढून ते फुगते आणि जठरावर पसरते. या आहाराने लिव्हर आकसते आणि दुर्बिणीला वाट मिळते. पण लक्षात घ्या, खाणे एकदम कमी झाले आणि गोळ्या-इन्सुलिन पूर्वीइतकेच राहिले, तर शुगर धाडकन खाली जाते. म्हणून हा आहार सुरू होण्याच्या आधीच औषधांचे प्रमाण बदलून घ्या. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका आणि चालूही ठेवू नका.

शुगर लो झाल्याच्या खुणा घरच्या प्रत्येकाला, शाळकरी पोरालाही, पाठ पाहिजेत. घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस विनाकारण चिडतो. मीटरवर ७० च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखान्यात न्या.

वर्षावासात किंवा पौर्णिमेला अष्टशील घेणाऱ्या उपासिका पुष्कळ आहेत. दुपारनंतर जेवायचे नाही आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी तर चालू, यात धोका आहे. अशांनी आधी डॉक्टरांशी बोलावे आणि भन्तेजींनाही आपली अडचण सांगावी.

काही औषधांची नावे डॉक्टरांना आवर्जून सांगायची. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर काढणारी औषधे ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात. कमी खाण्याचा आहार चालू असेल तर त्याच्याही आधी. नाहीतर रक्तात आम्ल साचते आणि गंमत अशी की मीटरवर शुगर फार वाढलेली दिसतही नाही. सेमाग्लुटाइडसारखे आठवड्याचे इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना कळले पाहिजे, कारण त्याने अन्न जठरात जास्त वेळ राहते. मेटफॉर्मिन सहसा ऑपरेशनच्या दिवशी देत नाहीत. जडीबुटीची पुडी, सांधेदुखीची बिननावाची गोळी घेत असाल तर तीही दाखवा. तिच्यात स्टेरॉइड असेल तर शुगर चढते. गोळ्यांची नावे पाठ होत नसतील तर सगळी पाकिटे एका पिशवीत घालून न्या.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही आधी करून घ्या. जुनी वाढलेली शुगर झपाट्याने उतरली तर पडद्याचा आजार काही काळ वाढू शकतो. दात किडलेले असतील, पायाला जखम असेल, लघवीला जळजळ असेल, तर त्याचा उपचार आधी. शरीरात कुठेही जंतूसंसर्ग असला की शुगर हटता हटत नाही.

आणि ऑपरेशन झाले म्हणजे सुटलो असेही नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तपासण्या जन्मभर चालतात. वजन पुन्हा वाढले तर शुगर परत येऊ शकते. या तीन महिन्यांत लागलेली सवय पुढे तीस वर्षे कामी येते.

आता शेवटचे, आणि आमच्या मते सर्वात महत्त्वाचे. हे सगळे करायचे कोणी? पेशंटने एकट्याने? आपल्या घरात पेशंट बाई असेल तर काय होते बघा. ती सगळ्यांचा स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते आणि मागून उरलेले खाते. उरतो तो भात. वरणाची कढई तोवर रिकामी झालेली असते. तिच्यासाठी वेगळे अंडे उकडले तर तीच म्हणते, “माझ्यासाठी कशाला, पोरांना द्या.” अशा घरात डॉक्टरांचा आहाराचा कागद भिंतीवर लटकत राहतो आणि शुगर ३०० वर.

संयुत्तनिकायात कोसलच्या राजा पसेनदीची गोष्ट आहे. राजा भरमसाट जेवायचा आणि जेवून धापा टाकत भगवंतांकडे यायचा. भगवंतांनी त्याला जेवणात प्रमाण ठेवण्याचा उपदेश केला. राजाने तो सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावला. तो तरुण रोज जेवणाच्या वेळी राजाजवळ ते वचन म्हणे. हळूहळू राजाचा आहार मापात आला आणि शरीर हलके झाले. आम्हाला यात महत्त्वाचा वाटतो तो सुदस्सन. राजालासुद्धा रोज आठवण देणारा माणूस लागला. त्याने राजाला टोमणा मारला नाही, ताट ओढले नाही. वेळेवर आठवण दिली, एवढेच.

तेव्हा ज्या घरात असे ऑपरेशन ठरले असेल, त्या घरातल्या नवऱ्याने, मुलाने, सासूने सुदस्सन व्हावे. तिचे ताट पहिले वाढा. तीन महिने सगळ्या घराने तेच जेवा, कोणाचे काही बिघडणार नाही. वहीत आकडा लिहायचे काम पोरांकडे द्या. दवाखान्यात तिच्यासोबत जा आणि न समजलेले पुन्हा विचारा. शिबिराच्या दिवशी वही घेऊन आलात तर ती वाचून दाखवायला आणि डॉक्टरांना काय विचारायचे ते लिहून द्यायला आम्ही बसलेलेच आहोत.